स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होणारा रक्तस्राव : जागा सापडत नसेल तर काय करावे?

पाणवठा (धागालेखक)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. चार वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात कर्करोगाची गाठ आढळल्यामुळे त्यांच्यावर व्हिपल शस्त्रक्रिया झाली आणि पुढे केमोथेरपी व रेडिएशन असे दोन्ही उपचार झाले. पहिली तीन वर्षे चांगली गेली. गेल्या १४ महिन्यांत मात्र पाच वेळा असे झाले आहे की दोन-तीन दिवस मल डांबरासारखा काळा आणि चिकट होतो, उठताना चक्कर येते, आणि रुग्णालयात नेईपर्यंत हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेलेले असते; एकदा तर ते ५.९ होते. दर वेळी रक्त चढवले जाते, तपासणीत जागा सापडत नाही, रक्तस्राव आपोआप थांबतो आणि आम्ही घरी येतो. आतापर्यंत तीन एन्डोस्कोपी, एक कोलोनोस्कोपी आणि एक कॅप्सूल तपासणी झाली आहे. पोटात दुखत नाही, उलटीतून रक्त कधीही पडलेले नाही. शेवटच्या कागदावर 'जठराला सौम्य सूज' एवढेच निदान असून आम्लता कमी करणाऱ्या गोळ्यांची मात्रा वाढवून दिली आहे.

इतक्या वर्षांनी याचा मूळ शस्त्रक्रियेशी संबंध असू शकतो का, आणि सहावी वेळ येण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे. येथील मतांवरून परस्पर औषधे बदलणार नाही, याची खात्री बाळगावी.

टाकाधागा

मी शल्यचिकित्सक आहे. आपल्या वडिलांना तपासलेले नसल्यामुळे निदान सांगत नाही. विचार कोणत्या दिशेने व्हावा एवढेच लिहितो.

संबंध असू शकतो, आणि तो आधी गृहीत धरूनच शोध घ्यावा. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, आद्यांत्र (जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग लहान आतड्याचा एक फाटा वर ओढून त्याला आधी स्वादुपिंडाचा उरलेला भाग, त्यानंतर पित्तनलिका आणि बरेच पुढे जठर असे तीन जोड देतात. जठरातून उतरणारे अन्न या फाट्यात शिरत नाही, ते पुढच्या आतड्याकडे जाते. म्हणजे पहिले दोन जोड ज्या भागात आहेत तो अन्नाच्या वाटेवर नसून एका बाजूच्या बोळात आहे. साधी एन्डोस्कोपी जठराच्या जोडापर्यंत आणि फार तर फाट्याच्या तोंडापर्यंत पोहोचते. कॅप्सूलला तर स्वतःची दिशाच नसते. अन्न जिकडे जाईल तिकडे ती जाते. त्यामुळे आपल्याकडील पाच तपासण्यांचा निष्कर्ष 'रक्तस्रावाची जागा नाही' असा नसून 'जेथे पाहिले तेथे नाही' असा आहे.

येथे शब्दांचा एक घोळ सांगून ठेवतो. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २००७ मध्ये रक्तस्रावाची जी वर्गवारी केली, तिच्यात २४ तासांनंतरचा प्रत्येक रक्तस्राव 'उशिराचा' ठरतो. त्यामुळे 'उशिराचा रक्तस्राव' म्हणून शोधले की बहुतेक माहिती पहिल्या काही आठवड्यांबद्दलची मिळते. त्या काळात स्वादुपिंडाच्या जोडातून पाचकरस झिरपून जवळच्या रोहिणीची (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीची) भिंत कुरतडली जाते, तेथे फुगा तयार होतो आणि तो फुटतो. ते संकट तातडीचे असते आणि बहुधा रक्तवाहिनीतून तारेवाटे आत जाऊन कॉइलने (वाहिनी बुजवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने) किंवा आच्छादित स्टेन्टने (अस्तर लावलेल्या जाळीच्या नळीने) हाताळले जाते. वर्षांनंतरच्या रक्तस्रावाची कारणे बरीच वेगळी असतात.

माझा पहिला प्रश्न असा : शस्त्रक्रियेच्या टिपणात पोर्टल शिरेचा (आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेचा) भाग कापून पुन्हा जोडल्याचा उल्लेख आहे का?

मध्यरात्र

माझ्या सासूबाईंना व्हिपलनंतर दोन वर्षांनी असाच त्रास झाला होता, परंतु त्यांच्या बाबतीत जठर आणि आतडे यांच्या जोडावर, आतड्याच्या बाजूला व्रण सापडला. गुडघेदुखीसाठी त्या वेदनाशामक गोळ्या घेत होत्या आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. गोळ्या बंद केल्या, आम्लता कमी करणारे औषध नियमित सुरू झाले आणि पुन्हा रक्तस्राव झाला नाही. आपणही घरातील औषधांचा डबा एकदा स्वतः उघडून पाहावा.

उंबरठा

मध्यरात्र यांचा मुद्दा योग्य आहे. जठरातील आम्ल पूर्वी आद्यांत्रात उतरत असे आणि स्वादुपिंडाचा क्षारधर्मी रस तेथे ते शमवीत असे. शस्त्रक्रियेनंतर तेच आम्ल थेट अशा आतड्यावर पडते, ज्याला त्याची सवय नाही. धूम्रपान, वेदनाशामके आणि हेलिकोबॅक्टर जंतू ही त्यात भर घालणारी कारणे. मात्र हा व्रण साध्या एन्डोस्कोपीच्या टप्प्यात असतो. तीन वेळा नीट पाहूनही तो दिसला नसेल, तर त्याच निदानाला चिकटून गोळ्या वाढवीत राहणे हे उपचार करीत असल्याचे समाधान मिळवण्यासारखे आहे. पचनविकारांचा डॉक्टर म्हणून हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण 'सौम्य सूज' हे शब्द आम्ही सगळेच अहवालात लिहीत असतो.

पाणवठा

टाकाधागा, टिपण काढून पाहिले. 'गाठ पोर्टल शिरेला चिकटलेली असल्याने शिरेचा सुमारे २ सेंटिमीटर भाग काढून टोके जोडली' असे स्पष्ट लिहिले आहे. चार वर्षांत या वाक्याबद्दल आम्हाला कोणी विचारले नाही आणि त्याचे महत्त्व आम्हालाही कळले नाही. वेदनाशामके वडील घेत नाहीत, धूम्रपान कधीच नव्हते.

टाकाधागा

मग शिरेकडे पाहायलाच हवे, आणि त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

आतडी आणि प्लीहा यांतून परतणारे सगळे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येते. शिरेचा जोड हळूहळू आकसला, रेडिएशनमुळे भोवतालची ऊती घट्ट झाली किंवा तेथे गाठ पुन्हा वाढून शीर दाबली गेली, तर हा प्रवाह अडतो आणि अडलेले रक्त यकृताकडे जाण्यासाठी दुसरी वाट शोधते. एरवी ही वाट पित्तनलिकेभोवतीच्या बारीक शिरांतून तयार होते. परंतु व्हिपलमध्ये तो सगळा पट्टा साफ केलेला असतो. तेव्हा यकृताच्या दाराशी नेऊन शिवलेला आतड्याचा फाटा हाच पूल बनतो. फाट्याच्या भिंतीतील शिरा दाबाखाली फुगतात, पित्तनलिकेच्या जोडापाशी आतल्या अस्तराखाली येतात आणि अधूनमधून फुटतात. दाब उतरला की रक्त थांबते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सुरू होते. दुखत नाही, उलटीतून रक्त येत नाही, नेहमीच्या तपासण्या कोऱ्या येतात. आपण केलेले वर्णन या चित्राशी जुळते. जुळते म्हणजे तेच आहे असे नव्हे, परंतु ते वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शंकासुर

एक भाबडा प्रश्न विचारतो. पोर्टल शिरेचा दाब वाढतो तो यकृताच्या सिरोसिसमध्ये, असे आजवर वाचले होते. यांचे यकृत तर चांगले आहे ना?

उंबरठा

प्रश्न भाबडा नाही. नेमक्या याच समजुतीमुळे निदानाला उशीर होतो. यकृताच्या चाचण्या नीट आल्या की दाबाचा विचारच मागे पडतो. येथे अडथळा यकृताच्या आधी, वाटेत असतो. यकृत निरोगी असल्यामुळे असे रुग्ण एकेक रक्तस्राव सिरोसिसच्या रुग्णांपेक्षा चांगला सोसतात, हे खरे; पण त्यामुळेच 'थांबले ना, मग जाऊ द्या' ही वृत्ती वाढते. प्लेटलेटची संख्या गेल्या दोन-तीन वर्षांत उतरत गेली आहे का, आणि सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसते का, हे दोन साधे धागे तपासावेत.

कृष्णधवल

मी रेडिओलॉजिस्ट आहे. नवी तपासणी करण्याआधी एक काम करा. कर्करोगाच्या पाठपुराव्यासाठी दर काही महिन्यांनी काढलेले सीटी आपल्याकडे असतील. ते सगळे, अहवालाच्या कागदांसह नव्हे तर मूळ प्रतिमांच्या तबकड्यांसह, एकाच व्यक्तीकडून पुन्हा वाचून घ्या. पाठपुराव्याच्या सीटीचा अहवाल लिहिणाऱ्याचे लक्ष 'गाठ परत आली आहे का' या प्रश्नाकडे असते. शीर किती अरुंद झाली हे त्याला कोणी विचारलेले नसते. प्रश्न बदलला की त्याच प्रतिमेत वेगळे दिसू लागते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

नवा सीटी काढायचा झाल्यास चिठ्ठीवर केवळ 'रक्तस्राव' असे लिहून चालत नाही. रक्तस्राव चालू असताना केलेली सीटी अँजिओग्राफी मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर इतका ओघही टिपू शकते, परंतु आपल्या वडिलांचा रक्तस्राव रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबलेला असतो. म्हणून रोहिण्यांच्या टप्प्याबरोबर (टोचलेले रंगद्रव्य रोहिण्यांत असतानाच्या प्रतिमांबरोबर) शिरांचा टप्पाही हवा, आणि पोर्टल शीर, प्लीहेची शीर, आतड्याची मुख्य शीर व पित्तनलिकेच्या जोडाजवळचा आतड्याचा फाटा यांवर स्वतंत्र निरीक्षण लिहावे, अशी स्पष्ट विनंती असावी. रोहिणीचा फुगा वर्षांनंतरही क्वचित आढळतो. त्याच सीटीत तोही वगळला जातो.

पाणवठा

आठ दिवसांनी लिहितो आहे. कृष्णधवल यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या सीटींच्या चार तबकड्या घेऊन एका रेडिओलॉजिस्टकडे गेलो. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीतच पोर्टल शिरेचा जोड निम्म्याहून अरुंद होता. गेल्या वर्षीच्या सीटीत तो दोऱ्याएवढा उरला आहे आणि यकृताच्या दाराशी आतड्याच्या फाट्यात फुगलेल्या शिरांचे जाळे आहे. गंमत म्हणावी की दुर्दैव, कळत नाही. पण गेल्या वर्षीच्या मूळ अहवालात खालून तिसऱ्या ओळीत 'पोर्टल शीर अरुंद, पर्यायी शिरा दिसतात' असे लिहिलेलेही आहे. निष्कर्षाच्या चौकटीत मात्र 'गाठ परतल्याचे चिन्ह नाही' एवढेच होते आणि आम्ही सगळ्यांनी तेवढेच वाचून सुटकेचा निःश्वास टाकला होता. प्लेटलेट २,१०,००० वरून ९५,००० वर आल्या आहेत.

आता दोन मते मिळाली आहेत. एक डॉक्टर म्हणतात की लांब दुर्बिणीने फाट्यात जाऊन फुगलेल्या शिरांत गोंद भरावा. दुसरे म्हणतात की यकृतातून सुई घालून पोर्टल शिरेत स्टेन्ट बसवावा. काय निवडावे?

उंबरठा

फुग्याच्या आधाराने पुढे सरकणाऱ्या दुर्बिणीने त्या जोडापर्यंत जाता येते आणि मी स्वतः अशा शिरांत गोंद भरला आहे. रक्तस्राव चालू असेल, रुग्ण अस्थिर असेल आणि दुसरी सोय हाताशी नसेल, तर तो जीव वाचवणारा उपाय ठरतो. परंतु शिरा फुगल्या आहेत त्या वरच्या अडथळ्यामुळे. एक बुजवली तर रक्त दुसरी शोधेल, आणि ती कदाचित अधिक अवघड जागी असेल. ज्या रुग्णांत केवळ फुगलेल्या शिरा बंद केल्या, त्यांच्यात रक्तस्राव परत येताना पाहिला आहे. अडथळा दूर करता येत असेल तर आधी तो दूर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णधवल

सहमत. स्टेन्टची पद्धत थोडक्यात सांगतो. सोनोग्राफीच्या मदतीने कातडीतून यकृतातील पोर्टल शिरेच्या फांदीत सुई घालतात, तीतून तार अरुंद जागेच्या पलीकडे नेतात आणि दोन्ही बाजूंचा दाब मोजतात. मग जागा फुग्याने रुंद करून तेथे धातूच्या जाळीचा स्टेन्ट बसवतात आणि दाब पुन्हा मोजतात. दाबातील फरक मिटला आणि फुगलेल्या शिरांत रंगद्रव्य भरेनासे झाले, तर काम झाले. तरीही त्या भरतच राहिल्या तर त्याच वेळी कॉइल किंवा गोंदाने त्या बंद करता येतात. बाहेर पडताना यकृतातील सुईची वाट बुजवणे महत्त्वाचे असते, कारण या प्रक्रियेतील मोठी भीती त्या वाटेतून पोटात रक्त जाण्याची असते. यकृतातून जाणे शक्य नसेल तर प्लीहेतूनही जाता येते.

'दोऱ्याएवढी' वाट उरली आहे ही चांगली बातमी समजा. शीर पूर्ण बंद होऊन तिच्या जागी बारीक शिरांचे जंजाळ झाले, की तार पलीकडे नेणे फार कठीण होते. म्हणून हा निर्णय महिनोन्‌महिने लांबवू नये.

शंकासुर

गाठ परत आल्यामुळे शीर दाबली गेली असेल तर?

टाकाधागा

तर स्टेन्ट बसवता येतो, परंतु तो किती काळ उघडा राहील याची खात्री कमी होते आणि कर्करोगाच्या उपचाराचा विचार पुन्हा करावा लागतो. म्हणून प्रक्रियेआधी सीटीबरोबर सीए १९-९ ही रक्तचाचणी आणि गरजेनुसार पेट स्कॅन करून हा प्रश्न निकाली काढतात. केवळ जोडावरील भरलेल्या जखमेचा वण आकसून शीर अरुंद झाली असेल, तर परिणाम चांगले मिळतात.

स्टेन्ट शक्यच नसेल तर शस्त्रक्रियेने आतड्याची मुख्य शीर खालच्या महाशिरेला जोडून दाब उतरवण्याचा मार्ग उरतो. एकदा व्हिपल झालेल्या पोटात, रेडिएशननंतर, ते काम किती अवघड असते हे मी अनुभवाने जाणतो. त्यामुळे ते शेवटच्या पायरीवर ठेवतो. आणखी एक सावधगिरी : पोर्टल शीर अरुंद असताना यकृताची रोहिणी हाच यकृताचा मुख्य आधार असतो. पुढे कधी कोणत्याही कारणाने ती रोहिणी बंद करण्याचा विचार झाला, तर शिरेची स्थिती त्या डॉक्टरांना आधी सांगा.

आडवळण

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारतो. माझ्या बहिणीच्या स्वादुपिंडाचा शेपटीकडील भाग काढला होता, प्लीहा मात्र ठेवली होती. तिला तीन वर्षांनी जठरातील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झाला. तिलाही पोर्टल शिरेचा स्टेन्ट लागेल का?

टाकाधागा

बहुधा नाही. तेथे प्लीहेची शीर बंद झालेली असते, म्हणून दाब फक्त पोटाच्या डाव्या बाजूला वाढतो आणि रक्त जठराच्या वरच्या भागातील शिरांतून वाट काढते. पोर्टल शीर मोकळी असते. अशा वेळी प्लीहा काढल्यावर किंवा तिची रोहिणी अंशतः बंद केल्यावर येणारे रक्तच कमी होते आणि प्रश्न सुटतो. प्लीहा काढायची असेल तर न्यूमोकोकस, मेनिन्जोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्यात. सविस्तर माहितीसाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

मध्यरात्र

लोहाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून विचारते. सासूबाईंना गोळ्या देऊनही लोह वाढत नव्हते.

उंबरठा

आठवण केलीत हे बरे झाले. अन्नातील आणि गोळीतील लोह मुख्यतः आद्यांत्रात शोषले जाते, आणि व्हिपलमध्ये तेच काढलेले असते. वर आम्लता कमी करणारी औषधे चालू असतात, त्यामुळे शोषण आणखी घटते. अशा रुग्णांत शिरेवाटे लोह देणे योग्य ठरते. शिवाय लोहाच्या गोळीने मल काळपट-हिरवट होतो, आणि घरच्यांना प्रत्येक वेळी रक्तस्रावाची शंका येते किंवा, त्याहून वाईट, खरा रक्तस्राव गोळीच्या खात्यावर जमा होतो. रक्ताचा मल चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचा असतो.

आणखी एक चाचणी सुचवतो. स्वादुपिंडाचा रस कमी झाल्यामुळे स्निग्ध पदार्थ नीट पचत नसतील, तर के जीवनसत्त्वही शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासावा, वाढलेला असल्यास पाचक विकरांच्या कॅप्सूल जेवणाबरोबर पुरेशा घेतल्या जातात का, हेही पाहावे.

पाणवठा

स्टेन्ट बसवून आज सहा आठवडे झाले. सीए १९-९ आणि पेट स्कॅन दोन्ही निर्दोष होते. अरुंद जागेच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक प्रक्रियेआधी पाऱ्याचे १४ मिलिमीटर होता, नंतर २ राहिला. एक मोठी फुगलेली शीर तरीही भरत होती, ती कॉइलने बंद केली. आयएनआर १.६ निघाला होता. के जीवनसत्त्व देऊन तो आधी सुधारला. हिमोग्लोबिन आता १०.८ आहे, शिरेवाटे लोह दिले आहे, मल पुन्हा काळा झालेला नाही.

एका गोष्टीने मात्र झोप उडाली आहे. स्टेन्ट बंद होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू केले आहे. १४ महिने ज्याला रक्तस्राव होत होता, त्याला हे औषध देणे धोक्याचे नाही का?

कृष्णधवल

भीती समजते. या औषधाबद्दल सर्व केंद्रांत एकमत नाही. कोणी काही महिने रक्त पातळ करणारे औषध देतात, कोणी प्लेटलेटवर काम करणारी गोळी देतात, कोणी रुग्ण पाहून काहीच देत नाहीत. मात्र त्यामागील तर्क असा आहे की रक्तस्राव रक्त पातळ होते म्हणून होत नव्हता, तर दाब वाढला म्हणून होत होता. स्टेन्ट गुठळीने बंद झाला तर तोच दाब परत येईल. म्हणजे आपल्या वडिलांच्या बाबतीत शीर उघडी ठेवणे हाच रक्तस्राव टाळण्याचा उपाय आहे. औषध स्वतःहून बंद करू नका; मात्रा आणि कालावधी स्टेन्ट बसवणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि दात काढण्यासारखी छोटी प्रक्रियाही त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

पाठपुराव्यासाठी डॉप्लर सोनोग्राफीने स्टेन्टमधील प्रवाह पाहता येतो, आणि शंका आल्यास शिरांच्या टप्प्याचा सीटी करता येतो. प्लेटलेटचा आकडाही नोंदवत राहा. तो उतरू लागला तर मल काळा होण्याची वाट न पाहता डॉप्लर करून घ्या.

पाणवठा

डॉप्लरची पहिली तारीख पुढच्या महिन्यात मिळाली आहे. शस्त्रक्रियेचे टिपण, दाबाचे आकडे आणि स्टेन्टची माहिती एका पानावर लिहून ते पान वडिलांच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावले आहे. या वेळी निष्कर्षाच्या चौकटीखालच्या ओळीही वाचीन आणि अहवाल आला की येथे लिहीन.